धाकटा समुद्रावर जातो

"या सुट्टीत मी दक्षिणेला चाललोय. समुद्रावर," धाकटा म्हणाला आणि जणू मीठ मागून झाल्यासारखा पुन्हा जेवायला लागला.

ताईचा वाढणारा हात तिथेच थांबला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा, आणि घरात ठिणगी पडली की आपल्याला काहीच ऐकू आलं नाही असा चेहरा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग तिने भावाकडे पाहिलं. अडतीस वर्षांचा झाला, कानशिलं पांढरी झाली, तरी घरात, गल्लीत आणि बाइंडिंगच्या कारखान्यातसुद्धा तो धाकटाच होता.

"उन्हाळ्यात?"

"कारखाना उन्हाळ्यातच बंद असतो ना. शाळेची पुस्तकं यायला लागली की मान वर करायची सोय नाही."

"अरे, पण तिकडे आत्ता काय उकाडा असेल! नुसतं बसलं तरी घामाच्या धारा. कपडे वाळत नाहीत तिथे."

"समुद्रावर वाळायला कोण जातं?"

नवरा हसला, आणि ताईने पाहताच त्याने ते हसू खोकल्यात ढकललं.

धाकट्याने सगळं ठरवलेलं होतं. किनाऱ्यावरची तीन शहरं, बारा दिवस. पहिल्या शहरात मोठं बंदर, दुसऱ्यात लांबच लांब वाळू, तिसऱ्यात खडकांच्या मधे एक शांत खाडी. त्याने अजून समुद्र पाहिलेला नव्हता. शाळेची सहल गेली तेव्हा त्याला कांजिण्या झाल्या होत्या. कॉलेजचे मित्र गेले तेव्हा तो हॉस्पिटलात होता. ताई लग्नानंतर जाऊन आली, तिने आणलेले शंख त्याने बरेच दिवस कानाला लावले. आणि गेल्या हिवाळ्यापासून तो कारखान्यामागच्या तलावात पोहायला शिकत होता. आधी हातपाय मारून नुसता दमायचा, आता आठ फेऱ्या मारायचा.

हे सगळं ताईला ठाऊक होतं. पण तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती आठवली की बाकीचं सगळं मागे पडायचं.

अकरा वर्षांपूर्वी धाकटा चार दिवस झोपला नव्हता. त्या चार दिवसांत त्याने वाचनालयातून बांधणीला आलेल्या तीनशे पुस्तकांचे पुठ्ठे उसकटून टाकले, सगळी एका दमात नवी करतो म्हणाला. बोलणं तर असं की एका वाक्याच्या शेपटीवर दुसरं वाक्य उभं. त्यानंतरचे पाच महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या सगळ्यातून त्याला वर काढलं ते लिथियमच्या गोळ्यांनी. गोळ्या लागू पडल्या, त्याचं आयुष्य रुळावर आलं. पण तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी ताईला बजावलं होतं की हे औषध मिठाच्या जातीचं आहे. खूप घाम गेला, अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की ते रक्तात साठायला लागतं. जास्त साठलं की विष. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर माणूस हातचा जातो.

गेली अकरा वर्षं ताई हे वाक्य उशाशी घेऊन झोपत होती. आणि आता हा म्हणे घामाच्याच गावाला जाणार.

"मीपण येते," ती म्हणाली.

धाकट्याने ताटावरून मान वर केली.  मग म्हणाला, "ये की."

ताई बस डेपोत वेळापत्रकं बनवायची. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कोणता चालक कोणत्या फेरीला, मधे कोणाला किती विश्रांती, कुठे जादा गाडी उभी ठेवायची, हे सगळं तिच्या तक्त्यावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकोनांत बसलेलं असायचं. डेपोतले चालक म्हणायचे, ताईंच्या तक्त्यात शिंकायचं असेल तरी अर्ज करावा लागतो. त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तिने तसलाच एक कोरा तक्ता घेतला आणि धाकट्याचे बारा दिवस आखायला बसली. सहा ते आठ किनारा. साडेआठला मीठ-साखरेचं पाणी. अकरा ते साडेचार खोलीत, पंख्याखाली. दर तासाला दोन पेले पाणी. प्रत्येक शहरातल्या हॉस्पिटलचं नाव, पत्ता, खोलीपासूनचं अंतर.

कंट्रोलर तिच्या खांद्यावरून डोकावला. "नवीन मार्ग सुरू करताय का, ताई?"

"भाऊ सहलीला चाललाय."

कंट्रोलरने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "बिचारा," एवढंच म्हणाला आणि गेला.

रोज संध्याकाळी ती त्या तीन शहरांचं हवामान बघायची. तापमानाचा आकडा फार नसायचा, त्यांच्या गावाहून कमीच असायचा. पण त्याच्या शेजारचा हवेतल्या ओलाव्याचा आकडा पाहिला की ती तक्त्यात आणखी एक पाण्याची वेळ घालायची. दुसऱ्या शहरात तो सगळ्यात वाईट होता. अशा हवेत घाम येतच राहतो, पण वाळत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. नुसतं गळत राहायचं. ती डोळे मिटायची आणि तिला दिसायचं, एका अनोळखी रस्त्यावर धाकटा भिंतीला धरून उभा आहे आणि लोकांना वाटतंय की तो प्यायलाय.

शेवटी एका दुपारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून डॉक्टरीणबाईंकडे गेली. धाकट्याला न सांगता. तिला त्यांच्याकडून एकच शब्द हवा होता, 'नको.' तो शब्द मिळाला असता तर वाईटपणा तिच्याकडे आला नसता.

बाईंनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही इथे आलाय हे त्यांना माहितेय?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"मग मी काय बोलणार? पेशंट ते आहेत. त्यांना घेऊन या, तिघं मिळून बोलू."

"पण बाई, तुम्हीच म्हणाला होतात की घाम..."

"म्हणाले होते. अजूनही म्हणते. पण त्यांना म्हणेन, त्यांच्या पाठीमागे नाही."

ताई जिना उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. पण भीती एकदा मानेवर बसली की ती बसू देत नाही आणि थांबूही देत नाही. घरी आल्याबरोबर तिने दुसऱ्या शहरातल्या लॉजला फोन लावला, धाकट्याने केलेलं आरक्षण रद्द केलं, आणि त्या चार दिवसांसाठी वाटेतल्या डोंगरावरच्या एका विश्रामगृहात खोली घेतली. तिथे संध्याकाळी स्वेटर लागतो असं फोनवरचा माणूस म्हणाला. ते ऐकूनच तिला बरं वाटलं. धाकट्याला सांगू सावकाश, तिने स्वतःची समजूत घातली. गाडीत बसल्यावर सांगू.

तीन दिवसांनी दुपारी डेपोत तिला धाकट्याचा फोन आला. "कारखान्यात येतेस का?" एवढंच तो म्हणाला. आवाज सपाट होता. 

कारखान्यात त्या वेळी तो एकटाच होता. बाकीचे जेवायला गेले होते. खळीचा आंबूस वास, कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा पायात येणारा ढीग, आणि मधोमध लोखंडी शिकंज्यात दाबून ठेवलेल्या जाड जाड वह्या. धाकटा एका पुस्तकाच्या पाठीवर ब्रशने खळ लावत होता. त्याने हात थांबवला नाही.

"समुद्राच्या बाजूची खोली मिळेल का विचारायला लॉजला फोन केला होता मी," तो म्हणाला. "ते म्हणाले, तुमच्या बहिणीने सगळं रद्द केलंय."

"अरे, मी तुला सांगणारच होते."

"कधी?"

तिला खोटं बोलवेना. "गाडीत."

त्याने ब्रश डब्यात ठेवला, हात फडक्याला पुसले. मग तो बोलायला लागला आणि ताई ऐकायला लागली. म्हणजे तिला वाटलं की ती ऐकतेय. शब्द किती भरभर येताहेत, डोळे कसे दिसताहेत, काल झोपला होता की नाही, हात स्थिर आहेत का, याच्यावरच तिचं लक्ष होतं.

धाकटा मधेच थांबला. "बघतेयस ना?"

"काय?"

"मी किती भरभर बोलतोय ते. डोळे चमकताहेत का ते." तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "ताई, अकरा वर्षांत मी एकदा तरी नुसता रागावलोय का गं? माणसं रागावतात तसा? मी दार जोरात लावलं की तू माझ्या गोळ्यांची पाकिटं तपासतेस. मी गाणं गुणगुणलं की भावजींना विचारतेस, हा जरा जास्तच खुशीत नाहीये ना. मला आनंद झाला तरी आजार, राग आला तरी आजार. मग मी आहे कुठे?"

ताईला वाटलं, कोणीतरी पायाखालची फरशी काढून घेतली. 

"आत्ता मी रागावलोय," धाकटा हळू म्हणाला. "फक्त रागावलोय. रात्री नीट झोपलो होतो, गोळी घेतली होती, आणि मला तुझा राग आलाय. आणि मी एकटा जाणार आहे."

"एकटा नको रे."

"तू येऊ नकोस, ताई."

त्याने पुन्हा ब्रश उचलला. ताई वळली. मग कागदाच्या पट्ट्यांमधून वाट काढत बाहेर आली. उन्हात तिला कुठे जायचंय तेच आठवेना. डेपो डावीकडे होता आणि ती उजवीकडे चालत चौकापर्यंत गेली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्याने ऐकू न आल्याचं सोंग घेतलं नाही. "चूक केलीस," तो म्हणाला. मग तिच्यासमोर चहाचा कप ठेवून तोही शेजारी बसला. "भीती वाटते ते खरंय गं. मलाही वाटते. पण तू त्याला सहलीला पाठवत नव्हतीस. फेरीवर पाठवत होतीस."

तिने दुसऱ्या दिवशी डोंगरावरची खोली सोडून दिली. लॉजवाल्याला फोन करून, माफी मागून, आरक्षण परत मिळवलं. समुद्राच्या बाजूची खोली मागितली, ती मिळाली. धाकट्याला तिने एवढंच कळवलं. त्यानेही एवढंच उत्तर दिलं, 'बरं.'

आठवड्याने त्याने आपणहून विचारलं, "डॉक्टरांकडे चाललोय. येणारेस? पण बोलायचं नाही."

ताई गेली आणि बोलली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. बाईंनी निघण्याआधी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ कमी करायचं नाही, अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. पोट बिघडलं किंवा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरायला लागले, तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि कोणतं औषध चालू आहे ते आधी सांगायचं. धाकट्याने सगळं आपल्या वहीत उतरवलं. त्याने असे दोन प्रश्न विचारले, जे ताईला अकरा वर्षांत सुचले नव्हते. ते ऐकून तिला अभिमान वाटायला हवा होता. तिला वाटली ती भीतीच, फक्त थोडी वेगळी.

तो गेला. रोज संध्याकाळी सहा वाजता फोन करायचा, असं त्यानेच ठरवलं होतं, आणि ताईने मधे फोन करायचा नाही हेही त्यानेच.

पहिले चार दिवस सहाच्या ठोक्याला फोन आला. बंदरात एवढी मोठी जहाजं आहेत म्हणाला, की आपली गल्ली आतमध्ये मावेल. हवा म्हणजे ओलं फडकं तोंडावर ठेवल्यासारखी. समुद्र पाहिल्यावर काय वाटलं विचारलं तर म्हणाला, "आवाज. मला वाटलं होतं तो थांबत असेल मधूनमधून." पाचव्या दिवशी तो दुसऱ्या शहरात पोचला. तेव्हाही फोन आला.

सहाव्या दिवशी सहा वाजले आणि फोन आला नाही.

सव्वासहा झाले. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि फोन टेबलावर नीट मधोमध ठेवला. साडेसहाला तिने चार्जिंग तपासलं. पावणेसातला नवरा म्हणाला, "पोहत असेल." ती म्हणाली, "हो." सात वाजता तिने लॉजचा नंबर काढला आणि त्याच्याकडे पाहत बसली. एकदा विश्वास मोडून झाला होता. पुन्हा मोडला आणि तो नुसताच पोहत असला तर? आणि नाही मोडला, आणि तो त्या अनोळखी रस्त्यावर भिंतीला धरून उभा असला तर?  सात वाजून दहा मिनिटांनी नवऱ्याने फोन तिच्या हातात दिला. "कर. मी सांगेन मीच करायला लावला."

तिने आकडे दाबायला सुरुवात केली आणि फोन तिच्या हातातच वाजला.

"ताई," धाकटा म्हणाला. आवाज जड होता, सावकाश. "आधी ऐकून घे. मी हॉस्पिटलात आहे. बरा आहे."

 ती खाली जमिनीवरच बसली.

आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर काहीतरी खाल्लं, ते बाधलं होतं. पहाटेपासून पोट बिघडलं. सकाळी दाढी करताना त्याला दिसलं की हात नेहमीसारखा बारीकसा थरथरत नाहीये, चांगला दणदणीत हलतोय. सकाळची गोळी त्याने घेतली नाही. लॉजवाल्याला सांगून गाडी बोलावली, हॉस्पिटलात गेला आणि दारातच वही उघडून औषधाचं नाव दाखवलं. रक्त तपासलं, औषध थोडं वाढलेलं निघालं. दुपारभर सलाइन चालू होतं, फोन खाटेखालच्या पिशवीत होता, आणि मधे त्याला झोप लागली.

"डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. उद्या परत तपासणार आहेत."

ताईच्या तोंडाशी वीस प्रश्न आले. कोणते डॉक्टर, आकडा किती, उलटी थांबली का, तोल जातोय का, शेजारी कोण आहे. तिने ओठ घट्ट मिटले. नवरा तिच्याकडे बघत होता. मग तिने एकच विचारला.

"घाबरला होतास?"

 पलीकडे कुठेतरी एक खाट सरकली.

"खूप," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "गाडीत बसलो तेव्हा खूप घाबरलो, ताई. वाटलं, तू म्हणत होतीस तेच खरं."

"नाही रे," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने येऊ दिलं, फक्त आवाजात येऊ दिलं नाही. "मी म्हणत होते की तुला जमणार नाही. तू जमवलंस."

 मग धाकटा म्हणाला, "येतेस का?"

"आत्ता निघते."

"आत्ता नको. उद्या इथेच ठेवणार आहेत, मी झोपून काढणार. परवा सोडलं तर तिसऱ्या शहरात जायचंय. डॉक्टर चालेल म्हणाले तरच. तू थेट तिकडेच ये. नुसती ये, तक्ता नको."

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत औषध उतरलेलं निघालं. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलून गोळी कधीपासून सुरू करायची ते ठरवलं आणि तीन दिवस उन्हात न फिरायच्या अटीवर त्याला सोडलं. ताई गाडीत बसली तेव्हा तिच्याजवळ एक लहान बॅग आणि पाण्याच्या चार बाटल्या होत्या. रात्रभराच्या प्रवासात तिचा डोळा लागला नाही. सकाळी तिसऱ्या शहराच्या स्टेशनात उतरली तर त्या हवेने तिला एखाद्या ओल्या गादीसारखं अंगभर गुंडाळलं. चष्म्यावर लगेच वाफ. दहा पावलांत पाठ भिजली. फाटकाजवळ धाकटा उभा होता, दोन किलोने उतरलेला, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. त्याने तिची बॅग घेतली. त्याचा हात थरथरतोय का, हे तिने पाहिलं. पाहिलंच. त्यानेही तिला पाहताना पाहिलं आणि चालायला लागला.

अटीचे दिवस दोघांनी खोलीत काढले, पत्ते खेळत, पंख्याखाली, एकमेकांवर चिडत. निघायच्या आदल्या पहाटे, ऊन चढायच्या आत, दोघं खाडीवर गेले. पाणी राखाडी होतं, जवळजवळ हलत नव्हतं. धाकट्याने सदरा काढून तिच्या हातात दिला.

"फार लांब नाही जाणार," तो म्हणाला.

"मी काही म्हटलं का?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

तो पाण्यात शिरला. आधी पोटरीपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग एकदम आडवा झाला आणि त्याचे हात एकामागून एक वर यायला लागले. तलावात शिकलेलं साधंसुधं पोहणं, थोडं वाकडं. खडकांच्या रांगेपाशी पोचल्यावर तो दिसेनासा झाला. ताई तशीच चपलांसकट पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत पाणी आलं, मांडीपर्यंत आलं.  तेवढ्यात खडकाच्या पलीकडून त्याचं डोकं वर आलं. तो तोंडातलं पाणी थुंकत होता आणि हसत होता.

"खारट आहे!" तो ओरडला. "ताई, हे खरंच खारट आहे गं!"

"मग काय गोड असणार होतं?" तीही ओरडली. स्वतःच्या आवाजाने तीच दचकली.

तो परत वळला आणि तिच्या दिशेने पोहायला लागला. ती तिथेच, मांडीभर पाण्यात, त्याचा सदरा डोक्याच्या वर धरून उभी राहिली. भीती गेली नव्हती, ती जाणारही नव्हती. पण धाकटा येत होता, सावकाश, श्वास घ्यायला मान वळवत, आणि ताईने त्याला आपला वेळ घेऊ दिला.